उलार गाडी

बैलगाडीत माल मागच्या अंगाला जास्त भरला, की जू वर उचलले जाते आणि गाडी उलार होते. पुढच्या अंगाला जास्त भरला, तर सगळे ओझे बैलांच्या मानेवर येते. परभणीच्या मोंढ्यात कापसाच्या गाड्या येत होत्या त्या काळी हे शेंबड्या पोरालाही कळत असे. मला मात्र ते वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळले, तेही मोटारसायकलच्या निमित्ताने आणि आतेभावाच्या आडतीवरच्या वजनकाट्यावर.

१९९२ ते २००२ अशी दहा वर्षे माझ्याकडे यामाहा आरएक्स १०० होती. शंभर किलोंच्या आसपास वजनाची ती गाडी घेऊन मी जिंतूर, येलदरी, औंढा, गंगाखेड असा बराच फिरलो. पुढे संसार वाढला, गाडी विकली आणि एकवीस वर्षे स्कूटर आणि चारचाकी यांवर निघून गेली. २०२३ मध्ये मुलगी नोकरीला लागली आणि मी एका ओळखीच्या गृहस्थाकडून २०२० सालची बजाज डॉमिनार ४०० विकत घेतली. ३७३ सीसीचे इंजिन, कूलंटवर थंड होणारे. १३ लिटरची टाकी. दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाक अडकून घसरू न देणारी यंत्रणा. चारचाकीसोबत दुचाकीचाही परवाना मी वेळोवेळी नूतनीकरण करून घेत आलो होतो, म्हणून त्या बाबतीत अडचण आली नाही. ज्यांचा परवाना संपून एक वर्षाहून अधिक काळ लोटला आहे, त्यांना पुन्हा वाहन चालवण्याची चाचणी द्यावी लागते आणि चाळिशीनंतर डॉक्टरांच्या सहीचा नमुना १-अ, म्हणजे वैद्यकीय दाखला, लागतो, एवढे परतणाऱ्यांनी आधीच पाहून ठेवावे.

हात-पाय गाडी चालवणे विसरले नव्हते; पण त्यांना आठवत होती ती दुसरीच गाडी. टू-स्ट्रोक गाडीचे ॲक्सिलरेटर सोडले तरी ती फारशी रोखली जात नसे आणि ड्रम ब्रेकच्या जमान्यात आमचा सगळा भरवसा उजव्या पायावर असे. डॉमिनारवर पहिल्याच आठवड्यात समोर कुत्रे आले, तेव्हा मी जुन्या सवयीने मागचा ब्रेक दाबला. पायाखाली एबीएसची धडधड झाली आणि त्या धडधडीने दचकून मी ब्रेक सोडून दिला. कुत्रे वाचले ते त्याच्या चपळाईमुळे. ब्रेक लावताच गाडीचे वजन पुढच्या चाकावर ढकलले जाते आणि म्हणून थांबवण्याचे मुख्य काम पुढचा ब्रेक करतो, हे मला पुस्तकी पद्धतीने ठाऊक होते. पण बोटांना ते ठाऊक होण्यासाठी सलग आठ रविवार पहाटे एका मोकळ्या मैदानात ताशी चाळीस किलोमीटर वेगाने येऊन थांबण्याचा सराव करावा लागला. आता मागे वळून पाहताना वाटते, की तेवढ्यावरच थांबलो असतो, तर बरेच पैसे वाचले असते.

पण मी थांबलो नाही. नवशिक्या माणसाला आपले अज्ञान दिसते, म्हणून तो जपून असतो. एकवीस वर्षांनी परतलेल्याला ते दिसत नाही. मनात कुठे तरी भीती असते आणि ती भीती वस्तू विकत घेऊन शमवता येते, असा त्याचा समज होतो. पहिल्या तीन महिन्यांत मी क्रॅशगार्ड, दोन्ही बाजूंचे सॅडल स्टे (बॅगा टेकवायचे दांडे), मागचा कॅरिअर, चाळीस लिटरचा टॉप बॉक्स, दोन कापडी सॅडल बॅगा, उंच विंडस्क्रीन, हॅंडगार्ड, हॅंडल रायझर (हॅंडल उंच करणारे तुकडे), एलईडी दिव्यांच्या दोन जोड्या, मोठा भोंगा, फोनचा होल्डर आणि चार्जर एवढे सगळे गाडीवर चढवले. गल्लीतली मुले फोटो काढू लागली आणि मला भरून आले.

पहिली लांबची खेप माहूरची ठरवली होती. नांदेडच्या अलीकडे मोकळ्या रस्त्यावर वेग ऐंशीच्या पुढे गेला, की हॅंडल विचित्र हलके होऊ लागले. पुढचे चाक रस्त्याला धरून चालत नसून त्यावरून तरंगत आहे, असे वाटे. शेजारून ट्रक गेला, की त्याच्या वाऱ्याने गाडी आधी डावीकडे ढकलली जाई आणि मग आत ओढली जाई. मी नांदेडला चहा घेतला, टायरची हवा तपासली, ती बरोबर होती, आणि माहूर न गाठता परत फिरलो. गॅरेजमधल्या उस्तादांनी हॅंडलचे बेअरिंग पाहिले, चाके फिरवून पाहिली आणि दोष नसल्याचे सांगितले. मग त्यांनी टॉप बॉक्स उघडला, आत हात घालून हत्यारांची पिशवी उचलली आणि एक शब्दही न बोलता पुन्हा खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या सामानासह गाडी आतेभावाच्या आडतीवर नेली. पोती तोलण्याच्या काट्यावर दोन्ही चाके एका वेळी बसत नाहीत. म्हणून काट्याच्या उंचीएवढी फळी घेऊन मागचे चाक फळीवर आणि पुढचे काट्यावर, मग पुढचे फळीवर आणि मागचे काट्यावर, अशी दोन वजने घ्यावी लागली. दोन हमाल गाडी सरळ धरून उभे होते. टेकून धरली तर आकडा खोटा येतो. पुढच्या चाकाखाली ९४ किलो आले आणि मागच्या चाकाखाली १३८. मग सगळे सामान आणि चढवलेल्या वस्तू उतरवून, टाकी तशीच भरलेली ठेवून, तीच मोजणी पुन्हा केली, तेव्हा पुढे ९१ आणि मागे ९६ अशी वजने आली. म्हणजे मी गाडीवर ४५ किलो वाढवले होते आणि त्यांतले फक्त तीन किलो पुढच्या चाकाच्या वाट्याला गेले होते. क्रॅशगार्ड, दिवे आणि विंडस्क्रीन हे सारे पुढच्या भागात असूनही ही गत होती.

आतेभावाने कागदावरचे चारही आकडे पाहिले आणि म्हणाला, "दादा, ही तर उलार झाली की. वरून तुम्ही बसणार, ते पण मागच्याच अंगाला."

कारण सरळ आहे. मागच्या चाकाच्या आसाच्या पुढे ठेवलेले ओझे दोन्ही चाकांत वाटले जाते, पण आसाच्या मागे लटकवलेले ओझे मागच्या चाकावर स्वतःच्या वजनाहून अधिक भार टाकते आणि तेवढ्याच हिशेबाने पुढचे चाक उचलते. माझा टॉप बॉक्स आसापासून साधारण ३५ सेंटिमीटर मागे होता. रिकामा चार किलोंचा, आणि त्यात अकरा किलो भरलेले: नट-बोल्टचे पाने, पंप, पाण्याच्या बाटल्या, पावसाळी कपडे आणि गरज नसताना घेतलेले एक जाडजूड कुलूप. या पंधरा किलोंमुळे मागच्या चाकावर सुमारे साडेअठरा किलो पडत होते आणि पुढच्या चाकावरून साडेतीन किलो उचलले जात होते. एकूण वजनात पुढच्या चाकाचा वाटा निम्म्याच्या जवळून चाळीस टक्क्यांवर आला होता. वळवायचे आणि मुख्यतः थांबवायचे ज्या चाकाने, तेच मी हलके करून ठेवले होते.

त्या दिवसापासून मी एक वही केली. व्यवसायाने लेखापाल असल्यामुळे वहीशिवाय मला सुचतही नाही. डाव्या पानावर गाडीवर काय चढवले, त्याचे वजन किती आणि ते आसाच्या पुढे की मागे. उजव्या पानावर किलोमीटरच्या आकड्यासह देखभालीची नोंद. पहिल्या महिन्यात डावे पान भरले होते आणि उजव्या पानावर फक्त एकदा ऑइल बदलल्याची ओळ होती, हे पाहून मला स्वतःचीच लाज वाटली.

सगळ्यांत मोठी लाज टायरची. टायरच्या कडेवर लंबगोलात चार अंक कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. माझ्या टायरवर १२२० होते, म्हणजे २०२० सालचा बारावा आठवडा. खाचा अजून खोल होत्या, म्हणून मी ते चांगले समजत होतो. पण आधीच्या मालकाने गाडी बहुतेक वेळ उघड्यावर उभी ठेवली होती आणि परभणीचे मे महिन्यातले ऊन काय करते, ते आम्हाला कोणी सांगायला नको. रबरात नख रुतत नव्हते आणि खाचांच्या तळाशी केसासारख्या चिरा होत्या. मी दिव्यांच्या दोन जोड्या घेण्याआधी गुडघ्यावर बसून हे चार अंक वाचायला हवे होते. दोन्ही टायर बदलल्यावर ओल्या रस्त्यावर गाडी जितकी बदलली, तितकी त्या साऱ्या सामानाने बदलली नव्हती.

आमच्या भागात टायरचा खरा वैरी म्हणजे वेडी बाभूळ. रस्त्याकडेची झुडपे तोडून फांद्या तशाच साइडपट्टीवर टाकतात आणि त्या वाळल्या, की काटा खिळ्यासारखा कडक होतो. ट्यूबलेस टायरला काटा लागला, तर हवा हळूहळू उतरते, त्यामुळे तो सापडला म्हणून लगेच उपटू नये. पंप आणि पंक्चरची पेटी हाताशी घेऊनच उपटावा. गिरमिटासारख्या हत्याराने भोक थोडे मोठे करून साफ करायचे, चिकट पट्टी सुईच्या नेढ्यात ओवून दोन्ही टोके बाहेर राहतील अशी आत ढकलायची, सुई झटक्यात ओढून घ्यायची, बाहेरचा भाग थोडा ठेवून कापायचा आणि वर साबणाचे पाणी किंवा तेही नसेल तर थुंकी लावून बुडबुडे येतात का ते पाहायचे. मी हे घराच्या अंगणात जुन्या टायरवर चार वेळा करून पाहिले. पहिल्या वेळी पट्टी सुईसकट बाहेर आली होती. हे मानवतच्या पुढे भर उन्हात घडले असते, तर मी रडलो असतो. टायरच्या कडेला, म्हणजे भिंतीत, पंक्चर झाले असेल, तर मात्र ही पट्टी उपयोगाची नाही.

या गाडीला मधला स्टँड नाही, फक्त साइड स्टँड आहे. त्यामुळे चेन साफ करणे ही आठ-पंधरा दिवसांनी येणारी कटकट ठरते आणि कटकटीची कामे माणूस पुढे ढकलतो. मागचे चाक उचलून धरणारा पॅडॉक स्टँड मी उशिरा घेतला, पण तीच माझी सर्वांत उपयुक्त खरेदी आहे, आणि तो घरीच राहतो, म्हणून त्याचे वजन डाव्या पानावर लिहावे लागत नाही. सीलबंद कड्यांची चेन पेट्रोलने आणि तारेच्या ब्रशने घासली, तर तिच्यातले रबरी ओ-रिंग खराब होतात आणि आतले ग्रीस निघून जाते. रॉकेलमध्ये भिजवलेले फडके आणि मऊ ब्रश एवढे पुरते. त्यानंतर ९० नंबरचे गिअर ऑइल किंवा स्प्रे चेनच्या आतल्या बाजूला लावायचा, म्हणजे चाक फिरताना तो बाहेरच्या दिशेने कड्यांत शिरतो. फेरी संपवून आल्यावर चेन गरम असताना हे करावे आणि रात्रभर मुरू द्यावे. इंजिन बंद ठेवून चाक हातानेच फिरवावे. गिअरमध्ये टाकून चालू इंजिनावर चेन पुसताना बोटे गमावलेली माणसे उस्तादांच्या ओळखीत आहेत.

चेनच्या झोलाबद्दल, म्हणजे तिच्या ढिलाईबद्दल, उस्तादांनी जे दाखवले, ते मला आधी कोणी सांगितले नव्हते. मी झोल मोजत होतो तो रिकाम्या गाडीवर. त्यांनी मला आणि गॅरेजमधल्या एका पोराला सीटवर बसवले, स्वतः खाली वाकले आणि म्हणाले, "आता बघा, साहेब." मागचे शॉकअप दबले, तशी चेन ताणली गेली आणि मघाशी बरोबर वाटलेला झोल जवळजवळ संपला. पुढचे स्प्रॉकेट (इंजिनाजवळचे दातेरी चक्र), स्विंगआर्मचा (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचा) खिळा आणि मागच्या चाकाचा आस एका रेषेत येतात, तेव्हा त्यांतले अंतर सर्वांत जास्त असते आणि चेन सर्वांत तंग होते. "तंग चेन बेअरिंग खाते आणि आवाज पण करत नाही," असे ते म्हणाले. सैल चेन निदान खडखडते. म्हणून प्रवासाला निघताना सामान बांधल्यावर, चाक फिरवून चेन जिथे सर्वांत ताठ लागते तिथे, मी झोल पुन्हा पाहतो. गरज पडली तर दोन्ही बाजूंचे समायोजक सारखेच फिरवतो, स्विंगआर्मवरच्या खुणा जुळवतो आणि आसाचा नट आवळल्यावर एकदा परत मोजतो, कारण आवळताना झोल हमखास बदलतो.

वीजजोडणीचा किस्सा मला सांगितलाच पाहिजे, कारण त्यात चूक निम्मी माझी आहे. दिवे आणि चार्जर एका दुकानात बसवून घेतले. दुकानाचे नाव सांगत नाही. काम पाऊण तासात झाले आणि मी त्या झटपटपणावर खूश होऊन चहा पाजला. श्रावणात दहा दिवस गावाकडे राहिलो. परत आल्यावर किल्ली फिरवली, तर मीटरवर प्रकाशही आला नाही. जुनी आरएक्स असती, तर एका किकमध्ये उठली असती; या गाडीला किक नाही आणि बॅटरी पूर्ण बसली, तर पेट्रोलचा पंपही चालत नाही, त्यामुळे धक्का मारूनही काही होत नाही. शेजारच्या दोन मुलांनी गल्लीच्या टोकापर्यंत ढकलून पाहिले. शेवटी छोट्या टेम्पोत घालून ती गॅरेजला न्यावी लागली आणि गल्लीतली तीच मुले पुन्हा फोटो काढत होती.

सीट काढल्यावर दिसले ते असे. चार्जर किल्लीशी न जोडता थेट बॅटरीला जोडलेला होता आणि फोन लावलेला नसतानाही तो ३० मिलिअँपिअर खात होता. दिवसाला पाऊण अँपिअर-अवरच्या हिशेबाने एवढ्याशा बॅटरीला दहा दिवस पुष्कळ झाले. दिव्यांच्या तारा नुसत्या पिळून त्यांवर काळी टेप गुंडाळली होती. उन्हाने टेपचा डिंक वितळून ती सरकली होती आणि उघडी तार फ्रेमपासून बोटभर अंतरावर आली होती. फ्यूज कुठेच नव्हता. नुसती बॅटरी बसली, गाडी पेटली नाही, हे माझे नशीब, असे उस्ताद म्हणाले, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती.

मग दोन संध्याकाळी बसून मी ते सर्व स्वतः नव्याने केले. रिले, म्हणजे थोड्या विजेने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, त्याच्या पायांवर ३०, ८५, ८६ आणि ८७ असे आकडे असतात. ३० वर बॅटरीचा धन वायर फ्यूजमधून येतो, ८७ वरून दिव्यांना जातो, आणि ८५ व ८६ ही आतल्या गुंडाळीची टोके. त्यांतले एक स्विचमधून किल्लीवर चालणाऱ्या वायरला आणि दुसरे अर्थिंगला. त्यामुळे किल्ली काढली, की दिवे बंद होणारच. वीस वॅटचे दोन दिवे म्हणजे चाळीस वॅट, १२ व्होल्टवर सव्वातीन अँपिअरच्या जरा वर, म्हणून पाच अँपिअरचा फ्यूज पुरतो. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा, कारण त्याचे काम दिवा वाचवणे नसून तार जळू न देणे हे आहे. जोड थिंबल लावून पक्के दाबले आणि वर उष्णतेने आकसणारी नळी चढवली. काळी टेप मी आता फक्त पंख्याच्या रेग्युलेटरला वापरतो.

दिव्यांची दुसरी जोडी तेव्हाच उतरवली. एक जोडी ठेवली, कारण दसऱ्यानंतर कारखाने सुरू झाले, की पाथरी-माजलगावच्या बाजूला उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर असतात, एकामागे दोन जोडलेल्या, आणि पुष्कळांना मागे ना दिवा असतो ना लाल पट्टी. उसाचे शेंडे ट्रॉलीच्या बाहेर दोन-दोन हात लोंबत असतात. तिथे रस्त्याच्या कडेपर्यंत पसरणारा पिवळा उजेड खरोखर कामाचा आहे, मात्र दिवे खाली झुकवलेले असावेत आणि समोरून गाडी आली, की अंगठ्याने बंद करता यावेत. खरे सांगायचे, तर अंधार पडण्याआधी मुक्कामाला पोहोचणे हाच माझा आता मुख्य दिवा आहे. मोठा भोंगा गेला. उंच विंडस्क्रीनही गेली. तिच्या वरच्या कडेवरून येणारा वारा नेमका हेल्मेटवर आदळत होता आणि तासाभरात मान दुखत होती, बुटकी लावल्यावर वारा छातीवर येऊ लागला आणि डोके शांत राहिले. फोनचा होल्डर काढण्याचे कारण वेगळे. मोटारसायकलच्या कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असे ॲपलने २०२१ मध्येच कळवले आहे, आणि मे महिन्यातल्या उन्हात फोन तापून स्वतःच बंद होतो तो अनुभव माझा आहे. फोन आता खिशात असतो आणि रस्ता फाट्यावरच्या टपरीवर विचारून घेतो.

हॅंडल रायझर मात्र ठेवले, कारण पन्नाशीनंतरच्या कमरेला त्या पाऊण इंचाचा फरक कळतो. ते लावल्यावर हॅंडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून क्लचची केबल आणि ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना, हे पाहावेच. सीटचे काम मी तयार वस्तू न घेता येथील रेक्झिनचे काम करणाऱ्या एका कारागिराकडून करून घेतले. तो एरवी सोफे आणि ट्रॅक्टरच्या गाद्या शिवतो. त्याने मला सीटवर बसवून खडूने दोन खुणा केल्या, तेवढ्याच जागेतला मऊ फोम कापून काढला आणि तिथे कडक फोम बसवला. मऊ गादी दहा मिनिटे सुख देते आणि मग बुडून हाडाला लागते, हे त्याने सोफ्यांवरून शिकलेले होते.

देखभालीतल्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात उरकतो. आमच्याकडे बोअरचे पाणी इतके क्षाराचे आहे, की बादलीला पांढरा थर चढतो. ते पाणी रेडिएटरमध्ये कधीही घालू नये, तयार कूलंट किंवा निदान डिस्टिल्ड वॉटरच घालावे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते आणि मग गरम झाल्यावर ब्रेक पोकळ लागतो, म्हणून दर दोन वर्षांनी बदलावे. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि तेही पाणी ओढून घेते. आमच्याच उसाचे असले तरी त्याला गाडीवर दया नाही. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल, तर मी टाकी भरून ठेवतो, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही. सोयाबीनच्या राशींच्या दिवसांत हवेत भुसकट असते आणि त्या महिन्यात एअर फिल्टर एकदा जास्त उघडून पाहावा लागतो. त्याच दिवसांत लोक सोयाबीन थेट डांबरावर वाळत घालतात. गोल दाण्यांवर मोटारसायकल काय करते, ते मी वेग कमी असताना पाहिले, हे बरे झाले. वॉशिंग सेंटरवर गाडी नेणे मी सोडले आहे. तिथल्या पाण्याचा जोर रेडिएटरच्या नाजूक पात्या वाकवतो आणि चाकाच्या बेअरिंगचे सील ओलांडून आत शिरतो. बादली, फडके आणि अर्धा तास यांत गाडी धुतली जाते आणि सैल झालेला बोल्टही हाताला लागतो. क्रॅशगार्डचे दोन बोल्ट असेच सापडले. आता प्रत्येक बोल्टवर आणि शेजारच्या धातूवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढलेली आहे. रेघ तुटलेली दिसली, की बोल्ट फिरला.

मागच्या पंधरवड्यात गाडी पुन्हा काट्यावर नेली. हत्यारे आणि पाणी आता टाकीवरच्या बॅगेत आहे, सॅडल बॅगा पुढे सरकवून प्रत्येकी सहा किलोंवर आणल्या आहेत आणि टॉप बॉक्समध्ये फक्त पावसाळी कपडे व औषधांची डबी आहे. रबरी आकड्याची दोरी पूर्ण हद्दपार केली; ती एकदा निसटून मागच्या चाकापासून वितभर अंतरावर लोंबताना दिसली होती, तिथे आता बकलचे पट्टे आहेत. पुढे ९७, मागे १२६ असे आकडे आले. एकूण २२३. आतेभावाला बॉक्स तरीही खटकत होता. तो पूर्ण काढावा असे त्याचे म्हणणे. पण माझी पत्नी पहिल्यांदाच मागे बसून माहूरला येणार आहे आणि पाठ टेकायला बॉक्स राहील, या एकाच अटीवर ती तयार झाली आहे.

आता मागच्या शॉकअपची स्प्रिंग तिच्या वजनाप्रमाणे कडक करायची होती आणि काळ्या मातीवरचे आमचे रस्ते पावसात फुगून, उन्हात आकसून जसे लाटांसारखे झाले आहेत, त्यांवर हे अंदाजाने करून चालत नाही. मी तिला काट्यावर उभे राहण्याची विनंती केली. चार हमाल आणि दोन गिऱ्हाइके पाहत असताना तिने मला जे उत्तर दिले, ते येथे लिहिण्याजोगे नाही. घरी परतताना तिने आकडा माझ्या कानात सांगितला. स्प्रिंग दोन खाचा कडक केली आहे. शनिवारी दोघे बसून चेनचा झोल पुन्हा मोजायचा आहे आणि त्यासाठी खाली वाकायला उस्तादांना सकाळी नऊची वेळ दिली आहे.